बागायतदारांसाठी पहिला ऑनलाइन वर्ग घेताना

तासगावच्या द्राक्ष बागायतदारांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू करतोयस, फार बरं वाटलं. पण लगेच स्लाइड बनवायला बसू नकोस. आधी कागदावर लिही, वर्ग संपल्यावर शेतकऱ्याला बागेत उभं राहून नेमकं काय करता आलं पाहिजे? 'डाउनी या द्राक्षाच्या रोगाची माहिती' हे उत्तर चालायचं नाही. 'पानावरचा तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी पानाखालची पांढरी बुरशी बघून डाउनी ओळखता येणं', हे चालेल. मग काय ठेवायचं नि काय गाळायचं, ते सोपं होतं.

तासाभराचं भाषण नको, पाच-सात मिनिटांचे तुकडे कर. आवाज मात्र स्वच्छ हवा, त्यात तडजोड नाही.

माझा खरा आग्रह प्रश्नांचा आहे. मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न बघता आठवायला लावला, तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो, हे रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगातून दाखवलं. तेव्हा व्हिडिओ संपला की पानांचे तीन फोटो टाक आणि विचार, यातली डाउनी कुठली? चुकलेल्याला नुसती फुली देऊ नकोस. 'ही भुरी आहे, म्हणजे दुसरा रोग, हिची पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते' असं कारण लिही. आठवड्यानं नवे फोटो घेऊन तोच प्रश्न परत टाक. लोक कंटाळतील अशी भीती नको, बरोबर ओळखता आलं की माणूस खुलतो.

आणि ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत थेट वर्ग ठेवू नकोस. कमी एमबीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, जेवणं झाल्यावर बघतील.