वाचकांचे प्रश्न : इतिहास, कला शिकून काय मिळतं?

प्रश्न : मी आयटीत आहे, आता इतिहास नि कला शिकावंसं वाटतंय. घरचे म्हणतात, पगार वाढणारे का त्यानं? काय सांगू?

उत्तर : पगाराचं सोडा हो, तो वाढेलच असं नाही. पण बघायची नजर बदलते. इजिप्तमधल्या रोझेटा शिलालेखाचंच घ्या, १७९९ला सापडला, एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलेलं, तरी शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाला इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सुटायला १८२२ उजाडलं, आणि ते सुटलं कशामुळे तर त्याला कॉप्टिक, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या भाषेचंच पुढचं रूप, येत होती म्हणून, जी तेव्हा रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलेली! काय कुठे उपयोगी पडेल ते आधी कळत नाही बघा. शिवाय पुरावा तपासायची सवय लागते, कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, मग व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर पटकन विश्वास बसत नाही (हा फायदा तर घरच्यांनाही पटेल).

आणि वारसा म्हणजे नुसत्या जुन्या इमारती नाहीत. युनेस्कोच्या २००३च्या करारात मौखिक परंपरा, सादरीकरणाच्या कला, पारंपरिक कारागिरी हे सगळं येतं. त्यामुळे डिग्रीच्या मागे लगेच लागू नका, आधी एखादा छोटा ऑनलाइन कोर्स करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, गोष्टी रेकॉर्ड करायला आत्ताच घ्या.