सॉफ्टबॉलमध्ये पिच कोणी कॉल करायची, आणि त्यात डोकं लागतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मुलगी चौदा वर्षांची, सॉफ्टबॉलमध्ये कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी, आणि प्रत्येक पिच (म्हणजे कोणता बॉल टाकायचा ते) कोच बाकावरून नंबर ओरडून सांगतात, ती मनगटावरच्या रिस्टबँडवर त्या नंबरचा अर्थ बघते आणि पिचरला, म्हणजे बॉल टाकणारीला, खूण करते, मग तिने स्वतः का ठरवू नये? आणि तुमच्या ओळखीतले एकजण म्हणतात की यात कसलं आलंय कौशल्य, लागला तुक्का तर लागला. दुसरं आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच आहे.

कौशल्य आहे, पण लोकांना वाटतं तिथे नाही. दोन स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजले जाणारे बॉल) झाल्या की राइजबॉल, म्हणजे वर चढत आल्यासारखा वाटणारा, चौकटीबाहेरचे बॉल जास्त गेले की फास्टबॉल, हे कुणीही पाठ करतं, आणि समोरची बॅटरही तेच पाठ करून आलेली असते. खरं काम बघण्याचं आहे. वरच्या लेव्हलला ४३ फुटांवरून ताशी ६५ मैलांनी आलेला बॉल हातातून सुटल्यावर जेमतेम ०.४ सेकंदात बॅटरजवळच्या प्लेटवर असतो, तेवढ्यात बॅटर काय डोंबल विचार करणार, ती बरंचसं आधीच ठरवून उभी राहते. आणि काय ठरवलंय ते बऱ्याचदा दिसतं. मागच्या वेळी ड्रॉपबॉलवर फसलेली मुलगी यावेळी बॉक्समध्ये, म्हणजे बॅटरच्या उभं राहायच्या चौकटीत, पुढे सरकून उभी राहते, बॉल खाली पडायच्या आत गाठायला. म्हणजे तिने स्वतःचाच वेळ कमी करून घेतला, आता तिला वर, जोरात, अंगाजवळ द्या. हे सरकणं वीतभरच असतं, कॅचरला समोर दिसतं, बाकावरून दिसेलच असं नाही.

फाउलचं, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर गेलेल्या बॉलचं, तर विचारूच नका. उजव्या हाताने खेळणारीचा फास्टबॉलवर फाउल पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या, बाजूला गेला म्हणजे ती उशिरा पोचतेय. आणि इथे हमखास काय होतं, कॉल करणाऱ्याला वाटतं चला आता चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला बॉल, देऊन फसवू, आणि आपणच तिला हवा तो वेळ आणून देतो!! बॅट बरोब्बर त्या बॉलवर येते. उशीर होतोय ना, मग परत फास्टच टाका की. फाउल सरळ मागे जाळीवर गेला तर मात्र टायमिंग जुळलंय, तेव्हा वेग बदला किंवा उंची बदला, पण काहीतरी बदला.

बेसवर रनर असली की अजून गुंता. सॉफ्टबॉलमध्ये बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे चोरी, म्हणजे पुढच्या बेसवर पळणं, होणार ती पिचबरोबरच, आणि अशा वेळी चेंजअप बोलावला तर रनरला फुकट दोन पावलं मिळतात. तिसऱ्या बेसवर रनर असताना मातीत जाणारा ड्रॉप मागायचा तर तो अडवणारी कॅचर पाहिजे. स्वतःचे गुडघे आणि छाती किती भरवशाची आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने जो बॉल नक्की अडेल तोच मागावा, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता कोच. बाकावर बसून त्यांना बॉलची उंची चांगली दिसते पण आत-बाहेर अजिबात कळत नाही, अंपायर बाहेरच्या कोपऱ्यातला बॉल स्ट्राइक देतोय की नाही हे कॅचरला दुसऱ्या इनिंगपर्यंत कळलेलं असतं. उलट कोचकडे वही असते. ही बॅटर पहिल्या दोन वेळा कशावर आउट झाली, पुढची कोण, कुणाला मुद्दाम पहिला बेस देऊन टाकायचा, हे चौदाव्या वर्षी सगळं डोक्यात ठेवणं अवघड आहे, त्यामुळे कोच कॉल करतात म्हणून लगेच त्यांच्यावर नाराज होऊ नका. माझी तक्रार वेगळी आहे. वर्षानुवर्षं नुसता नंबर पोचवणारी कॅचर पोस्टमन होते, पत्रात काय लिहिलंय हे तिला कधी कळतच नाही, आणि वरच्या टीममध्ये गेल्यावर कुणी विचारलं की हा बॉल का मागितलास तर तोंडाकडे बघत राहते.

आणि पिचरला सगळे विसरतात! आज राइज वर जातोय की मध्येच तरंगतोय हे तिच्या बोटांना पहिलं कळतं. मान हलवून नाही म्हणायचा हक्क तिला असलाच पाहिजे, कॉल कोणाचाही असो. मनाविरुद्ध टाकलेल्या हुशार कॉलपेक्षा तिने विश्वासाने टाकलेला साधा बॉल मी कधीही घेईन. बारा वर्षांखालच्यांचं तर बोलायलाच नको, पिचरकडे एक फास्टबॉल आणि अर्धामुर्धा चेंजअप, तिथे कॉल कसला करताय, स्ट्राइक टाकायला शिकवा. दोन पिच हव्या तिथे टाकता यायला लागल्या की मग हा विषय.

तर माझं मत, कॉल कॅचरचा, पण हळूहळू. कोचशी भांडू नका, तिलाच जाऊन विचारू दे की सरावाच्या मॅचमध्ये खालच्या तीन बॅटरना मी कॉल करू का. बहुतेक कोच याला नाही म्हणत नाहीत. इनिंग संपल्यावर कोचनी एकाच पिचबद्दल विचारावं, का मागितलास, आणि उत्तर "असंच" सोडून काहीही चालेल, चुकीचं कारणसुद्धा चालेल. तिने मागितलेल्या बॉलला बॅटरचा मार बसला म्हणून लगेच कॉल काढून घेऊ नये, कारण बऱ्याचदा कॉल बरोबर असतो आणि बॉल हातभर चुकलेला असतो, ते दोन्ही वेगळं बघायला शिका. तोवर मोठ्या मॅचला शेवटच्या इनिंगमध्ये, रनर तिसऱ्यावर असताना कोचनी नंबर ओरडला तर ओरडू द्या, माझी काही हरकत नाही.