पहिली इंग्रजी मालिका? छोटीच निवडा

सगळे तुम्हाला थेट 'ब्रेकिंग बॅड' सुचवतील. मालिका भन्नाटच आहे, पण ६२ भाग! इतक्यात नको. आधी 'चेर्नोबिल' (२०१९) बघा. पाचच भाग, आणि गोष्ट तिथेच पूर्ण होते. पहिल्या भागात अणुभट्टीचा स्फोट दिसतो तो लांबच्या एका घराच्या खिडकीतून. आधी नुसता उजेड, हादरा नंतर. हातात मोबाइल असेल तर हा क्षण हमखास हुकणार.

रहस्य आवडत असेल तर बीबीसीची 'शेरलॉक'. सीझनला तीन भाग, प्रत्येक साधारण दीड तासाचा.

नवखे इथे फसतात:
- एका रात्रीत अख्खा सीझन संपवणं. दोन भाग पुरे.
- हिंदी डबिंग. सबटायटल्स लावा, डोळ्यांना लवकर सवय होते.
- मध्येच शेवट गूगल करणं. नका हो करू!

तीन भागांत मन रमलं नाही तर खुशाल सोडा. 'पुढे रंगते' म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. अपवाद एकच, अमेरिकन 'द ऑफिस': तिचा सहा भागांचा पहिला सीझन जरा फिकाच आहे, सरळ दुसऱ्यापासून लावा.