जुनाट जखमेची ड्रेसिंग करण्याआधी

प्रिय मुली,

निर्जंतुक ट्रे लावणं, फोर्सेप्स धरणं, हात धुणं हे सगळं तुझं पक्कं आहे, मी पाहिलंय. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, 3 वर्षांत ते चांगलं घटवून घेतात. पण महिनामहिना न भरणारी मधुमेह्याची पायाची जखम समोर आली की तेवढ्यावर भागत नाही. ती का भरत नाही हे आधी शोधावं लागतं, आणि ते शोधणं आपल्याला शाळेत फार थोडं शिकवतात.

म्हणून ट्रॉली बाजूला ठेव आणि आधी पायाला हात लाव. गार लागतो का? पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागते का? लागत नसेल तर डॉक्टरांना सांग, आणि डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, होईपर्यंत घट्ट क्रेप बँडेज बांधू नकोस. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात, त्यामुळे घोट्याला मोजलेला रक्तदाब खोटाच चांगला येऊ शकतो. आकडा पाहून निर्धास्त होऊ नकोस.

मग 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा, घे. रुग्णाला डोळे मिटायला सांग आणि तळव्यावर तो वाकेपर्यंत टेकव. टेकवलेलं कळलं नाही, तर त्या पायाला राखण करणारी वेदनाच उरलेली नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय वर्षानुवर्षं अभ्यासले. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो आणि जखम खोल जाते, हे त्यांनी दाखवून दिलं. मधुमेहातही तेच होतं. तू कितीही सुंदर ड्रेसिंग कर, रुग्ण त्याच चपलेत उठून चालू लागला तर सगळं वाया. ती चपल मागून घे, आत हात घालून बघ. खिळा वर आलाय का, तळ कुठे झिजलाय? भार कसा काढायचा हे डॉक्टरांना विचारच. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला सगळीकडून टेकून भार वाटून घेणारं प्लास्टर, जमण्यासारखा असेल तर त्याचा विषय तू काढ.

‘जखमेला हवा लागू दे, सुकू दे’ हे वॉर्डात अजून ऐकू येतं. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण त्याने नव्या पेशी मरतात. लालसर दाणेदार मांस दिसत असेल तर सलाईन पुरे. मात्र कडा पांढऱ्या, भिजक्या दिसल्या तर ओल जास्त झाली असं समज. आणि रक्तपुरवठा नसलेलं कोरडं, काळं गँगरीन कधीही ओलं करायचं नाही.

जंतू तपासायला स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घ्यायचा तर आधी जखम धुऊन घे. वरच्या पुवातले जंतू काही सांगत नाहीत. खालच्या जिवंत मांसावर दाबून घे.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. मोजत जा. लांबी, रुंदी, खोली, तळाचा रंग, स्राव, वास, सगळं तारखेसह लिही. राउंडला येणारे डॉक्टर बदलतात, रेसिडेंट बदलतात; त्या जखमेचा इतिहास फक्त तुझ्या नोंदीत राहतो. ‘ड्रेसिंग डन’ एवढंच लिहिलं तर कोणालाच काही कळत नाही. 4 आठवड्यांत मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर उपचार नव्याने बघायला हवेत, आणि हे डॉक्टरांपुढे मांडायला तुझ्या हातात आकडे हवेत. निर्जंतुक प्रोबला, म्हणजे जखमेची खोली तपासायच्या बोथट सळईला, तळाशी हाड लागतंय असं डॉक्टर म्हणाले, तर तेही लिही.

घरच्यांशी बोल. भाताने पू होतो, अंड्याने जखम पिकते म्हणून किती जणांचं खाणं तोडलेलं असतं! शुगर सांभाळून डाळ, अंडी, दूध द्यायला सांग. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या टाचेखाली फुगवलेले ग्लोव्ह्ज नकोत. पोटरीखाली उशी दे, टाच अधांतरी राहू दे. रात्रपाळीच्या मावशींनाही ते करून दाखव, कारण रात्री कूस त्याच बदलून देतात.

पुढच्या आठवड्यात तुझ्या नोंदी घेऊन ये, आपण एकेक जखम बसून बघू.

तुझी,
सिस्टर