माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार कोणी केली, हे माहिती अधिकारात अपील करून कळू शकतं का?

कधीकधी कळतं, बहुतेकदा नाही. तुमच्या जागी मी असतो तर नावाआधी तक्रार अर्जाची प्रत आणि चौकशी अहवाल मागितला असता. तुम्ही लिहिलंय की पोलीस घरी आले, जबाब घेऊन गेले, पुढे काहीच झालं नाही आणि तक्रारदाराचं नाव विचारलं तर सांगत नाहीत. आमच्या घरी हेच घडलं होतं. शिकायला आमच्याकडे राहणाऱ्या भाचीला आम्ही घरकामाला जुंपलंय, अशी कोणीतरी तक्रार केली होती. पोलिसांनी तिची शाळेची कागदपत्रं पाहिली, तिच्याशी बोलले आणि गेले. पण नंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटेल त्याच्याकडे आम्ही संशयाने बघत होतो. त्यामुळे तुमची तगमग मला समजते.

आधी एक खात्री करा: गुन्हा नोंदवला गेलाय की नुसती अर्ज चौकशी झाली, म्हणजे गुन्हा न नोंदवता तक्रार अर्जावर विचारपूस? गुन्हा दाखल असेल तर फिर्यादीचं नाव एफआयआरमध्येच असतं आणि आरोपीला त्याची प्रत मिळण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या खटल्यात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत, पण तिथेही आरोपीला प्रत मागता येते. पुढे दोषारोपपत्र आलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम २३० खाली जबाबांसह सगळी कागदपत्रं फुकट मिळतात. जिच्या आधारावर खटला उभा आहे ती व्यक्ती आरोपीपासून लपून राहू शकत नाही. अशा वेळी माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊच नका, वकिलामार्फत प्रत घ्या.

अडचण आहे ती तुमच्यासारख्या अर्ज चौकशीत. १० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. उत्तर बहुधा नकाराचंच येतं, आणि त्यात माहिती अधिकार कायद्यातल्या तीनपैकी एखादं कलम असतं. ८(१)(ज) म्हणजे तपासात अडथळा येईल. हे कारण सर्वांत कच्चं आहे. तपास चालू आहे एवढंच म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच भगतसिंग यांच्या प्रकरणात म्हटलंय. तुमची चौकशी तर संपलेली आहे. ८(१)(ञ) म्हणजे वैयक्तिक माहिती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे कलम फार रुंद करून ठेवलंय आणि मला ती दुरुस्ती साफ चुकीची वाटते. तरी मोठ्या जनहितासाठी माहिती देता येण्याची कलम ८(२) मधली तरतूद अजून शाबूत आहे.

खरी लढाई ८(१)(छ) वर होते. माहिती दिल्याने कोणाच्या जिवाला धोका होत असेल, किंवा पोलिसांना विश्वासाने खबर देणारा उघड होत असेल, तर नकार देता येतो. अपिलात यातल्या ‘विश्वासाने’ या शब्दावर बोट ठेवा. सही करून, आवक क्रमांक घेऊन दिलेला अर्ज गुप्त खबर कसा ठरतो? तक्रारदाराने नाव गुप्त ठेवा असं म्हटलं होतं का? नकार योग्य होता हे सिद्ध करायचा भार कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. आणि पर्यायी मागणी म्हणून कलम १० लावाच: नाव-पत्ता झाकून उरलेली प्रत द्या.

आम्हाला पहिल्या अपिलात अशीच काळी शाई फासलेली प्रत मिळाली. सोबत ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही’ असा शेरा असलेला अहवाल होता. बहिणीच्या मनावरचं ओझं त्या कागदाने उतरलं. पहिलं अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. आयोगात तारीख लागायलाच फार वेळ जातो. त्यानंतर अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात रिट.

तुम्हाला हा अन्याय वाटेल. इंग्लंडमध्ये एका आईवर मुलीला मारल्याचा खोटा आळ आला होता. तिने बालसंरक्षण संस्थेकडे खबर देणाऱ्याचं नाव मागितलं आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७७ मध्ये तिथे ती हरली, कारण नावं फुटू लागली तर खऱ्या मारहाणीची खबरही कोणी देणार नाही. आपल्याकडेही गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही, तो नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम १३१ मध्ये आहे. त्या आईचं दुःख खरं होतं, तरी तो निकाल मला पटतो. एखाद्या घरात खरंच एखादी मुलगी राबवली जात असेल, तर शेजाऱ्याने न घाबरता फोन करावा असंच मला वाटतं.

नाव मिळालंच तर पुढे काय करणार, हे आत्ताच ठरवा. खोट्या माहितीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या (दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २१७ खाली न्यायालयात तक्रार तुम्ही करू शकत नाही, ती संबंधित लोकसेवकानेच करावी लागते. बदनामीच्या फौजदारी तक्रारीत, अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अपवादात बसते, त्यामुळे समोरच्याला तो बचाव घेता येतो. आणि बदनामीच्या भरपाईसाठी दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष आहे. दुसऱ्या अपिलाची वाट बघण्यात ती संपून जाऊ शकते, तेव्हा दावा करायचा विचार असेल तर वकिलाला आत्ताच भेटा.