पावसात ब्रेक पॅड जास्त झिजतात का?

प्रश्न : गाडी रोज फोंडा ते पणजी जाते. पावसाळ्यात सकाळी पहिला ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली तर क्षणभर ब्रेक लागतच नाही. गॅरेजवाला पॅड बदलायला सांगतो. बदलू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : एवढ्यासाठी नको. सकाळची खरखर गंजाची आहे. चाकाबरोबर फिरणारी डिस्क, जिच्यावर पॅड दाबले जातात, बिडाची असते. रात्रभरच्या दमट हवेत तिच्यावर तांबूस थर धरतो आणि चार-पाच ब्रेकांत खरवडून जातो. दिवसभर आवाज येत राहिला तर मात्र चाक काढून पाहा.

कोरड्या पॅडचा घर्षणांक (पकडीचे माप) साधारण ०.३५ ते ०.४५ असतो. मध्ये पाण्याचा थर आला की तो पुसला जाईपर्यंत पकड कमी पडते. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे वाहन नाही असे पाहून, कमी वेगात ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून धरा. उष्णतेने पाणी उडते. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर थोडा जास्त वेळ द्या.

नुसत्या पाण्याने पॅड फारसे झिजत नाहीत. खरा शत्रू आपला तांबडा चिखल. त्यातली बारीक रेती पॅड आणि डिस्कमध्ये अडकून सॅंडपेपरसारखी घासते, डिस्कवर चरे पडतात. शिवाय पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो, त्या स्लाइड पिना गंजाने जाम होतात आणि आतला पॅड बाहेरच्याच्या आधी संपतो. बाहेरून डोकावून ‘पॅड चांगले आहेत’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने पिनांवरचे रबर फुगते. पॅडचा घासणारा थर ३ मिमीवर आला की डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकत्र बदला.

प्रश्न : बेळगावहून चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ पडते. पॅड नवे आहेत.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मग ब्रेक ऑइल तपासा. ते हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ती मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते, पेडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापलेत; गाडी बाजूला घेऊन निवू द्या, गरम डिस्कवर पाणी ओतू नका.