इंग्लंडमध्ये शेजारच्या तशाच घराला कौन्सिल टॅक्सचा (तिथल्या घरपट्टीचा) बँड, म्हणजे घराच्या किमतीनुसारचा टप्पा, सी आणि आम्हाला त्यावरचा डी. बदलून मागता येतो का?

हो, येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. फक्त कौन्सिलकडे खेटे घालू नका, कारण बँड ठरवतं व्हॅल्युएशन ऑफिस, कौन्सिल नुसती वसुली करते. ओळखीच्यांचे असे अर्ज भरून दिलेत, त्यावरून सांगतो. घराचे नवे करदाते होऊन सहा महिने झाले नसतील तर रीतसर 'प्रपोजल', म्हणजे बँड बदलण्याचा औपचारिक अर्ज, व्हॅल्युएशन ऑफिसला द्या. ते नाकारलं तर तीन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (अशा वादांच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) दाद मागता येते. सहा महिने उलटले असतील तर पुराव्यानिशी फेरतपासणी मागायची. पुरावा म्हणजे तुमच्याच गल्लीतली, त्याच प्रकारची, साधारण तेवढ्याच आकाराची आणि वयाची, पण खालच्या बँडमधली घरं. पाचपर्यंत पत्ते देता येतात. सगळ्यांचे बँड गव्हर्न्मेंटच्या साइटवर पोस्टकोड टाकून दिसतात. घराची आजची किंमत इथे कुचकामी! हिशोब १ एप्रिल १९९१ च्या बाजारभावाचा असतो (डी म्हणजे तेव्हाचे ६८,००१ ते ८८,००० पौंड), त्यामुळे १९८९ ते १९९३ च्या सुमारास झालेली विक्री सापडली तर उत्तम.

एक मात्र आधी नीट तपासा: शेजाऱ्याचं घर खरंच तसंच आहे का? मागे वाढवलेली एक खोलीही फरक पाडते. तपासणीत बँड वरही जाऊ शकतो, शिवाय शेजाऱ्याचाच चुकीचा निघाला तर त्याचाही वाढेल. निकाल लागेपर्यंत आत्ताच्याच दराने हप्ते भरत राहा.